मूळ चौकट बदलली आहे

ही गोष्ट रात्रीची नाही. वारा सुटला नव्हता, दिवे गेले नव्हते, कुठे कुत्रं रडत नव्हतं. भर दुपार होती आणि खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं.

आणि गोष्ट खरी आहे.

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मध्येच फिदीफिदी नको. हे जिच्याबाबत घडलं ती माझी सख्खी वहिनी. ती थापा मारत नाही. आमच्या घरात थापा मारायचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे मी सांगतोय म्हणून नका मानू, तिची गोष्ट आहे म्हणून माना.

नावं लिहीत नाही. वहिनीच्या लेकीचं खरं नाव तर कुठेच लिहायचं नाही, ही वहिनीची अट आहे. आम्ही तिला चिमणी म्हणतो. तेवढं पुरे.

तर, सुट्टीचा दिवस होता. जागा म्हणजे वहिनी कामाला होती तो छापखाना. खाली मशीन, कटर आणि कागदाचे गठ्ठे. लाकडी जिना चढून वर गेलं की पानं लावायची खोली. तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर आणि घरघर करणारा एक पंखा.

त्यातलं कोपऱ्यातलं टेबल नानांचं.

नाना म्हणजे छापखान्यातले सगळ्यात जुने. हातानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता नाना घरी बसणार. नाना कसले बसतात? वर्षभरात त्यांनी तरण्याताठ्या पोरांना मागे टाकलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात स्टीलची पट्टी. एखादं पान मनासारखं लागलं की पट्टी टेबलावर दोनदा आपटायची.

टक... टक.

म्हणजे पान पास.

वहिनीला त्यांनीच शिकवलं. तिला ते ‘पोरी’ म्हणायचे. दुपार झाली की खुर्ची तिच्याकडे वळवून विचारायचे, “पोरी, डबा खाल्लास का? आधी खा. पानं कुठे पळून जात नाहीत.” त्या खुर्चीच्या एका चाकात खोट होती. वळली की कुईं करायची. तेल घालू देत नसत. म्हणायचे, “राहू दे, मी जिवंत आहे हे कळतं तुम्हाला.”

आता थोडं कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. अवघड काही नाही.

छापखान्यात एकच चौकट पुन्हा पुन्हा लागते. फोटोची म्हणा, मथळ्याची म्हणा. दर वेळी नवी कोण करत बसणार? म्हणून ती एकदा नीट करायची आणि कॉम्प्युटरच्या लायब्ररीत ठेवून द्यायची. ही झाली मूळ चौकट. मग हव्या त्या पानावर तिची प्रत ओढून आणायची. मुळात काही बदल केला, तर पानावरच्या प्रतीच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण येतो. ‘मूळ चौकट बदलली आहे. अपडेट करू?’ हो म्हटलं की प्रत मुळासारखी होते. तुम्ही प्रतीत वेगळा फोटो घातलेला असला, तरी तो जातो आणि मुळात जे असेल तेच येतं.

म्हणून फोटो बदलायचा असेल तर आधी प्रत मुळापासून तोडायची. नाना याला ‘नाळ तोडणं’ म्हणायचे. “नाळ तोडलीस का गं?” दिवसातून दहादा विचारायचे.

आणि त्यांचा आणखी एक हट्ट होता. दुखवट्याची चौकट ते कधीच लायब्ररीत ठेवत नसत. दर वेळी नवी बनवायचे आणि काम झालं की पुसून टाकायचे.

वहिनी चिडवायची. “नाना, भिता की काय?”

“भीत नाही गं. पण ती ज्याची त्याची असते. दुसऱ्याला घालू नये.”

ते असे गंभीर झाले की वहिनीला हसू यायचं.

नाना गेले ते झोपेतच. मालकांनी वहिनीला सांगितलं, छापखान्याच्या पत्रिकेत त्यांच्यावर एक पान कर. वहिनीनं जीव ओतून केलं. लंबगोल चौकट, बाजूनं दुहेरी बारीक रेघ, खाली झाडाचं एक छोटंसं पान. आत नानांचा फोटो, नाकाच्या शेंड्यावर चष्मा असलेला. तिच्या हातून एवढी देखणी चौकट कधी झाली नव्हती. ती करताना ती रडत होती.

आणि काम संपल्यावर, हाताला लागलेली सवय... तिनं ती लायब्ररीत ठेवली.

पुढे काही आठवड्यांनी एका बालवाडीचं वार्षिक पुस्तक आलं. सगळ्या मुलांचे फोटो, खाली नावं. आमची चिमणीही त्याच बालवाडीत. मालक म्हणाले, “उद्या सकाळी मशीनवर चढवायचंय. सुट्टीच्या दिवशी येऊन तेवढं संपवून टाक, बदली सुट्टी देतो.” दादा कामानिमित्त बाहेरगावी. वहिनीनं चिमणीला शेजारच्या काकूंकडे सोडलं, छापखान्याची चावी घेतली आणि एकटीच गेली.

मुलांच्या फोटोंना चौकट हवी होती. लायब्ररीतली ती लंबगोल अगदी मापात बसत होती.

तिला नानांचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण घाई होती. आणि चौकट सुंदर होती. तिनं प्रत ओढली आणि मान म्हणून सगळ्यात पहिली चौकट आपल्या चिमणीला दिली. आईच ती. मग बाकीची मुलं एकेक करून बसवली.

नाळ तोडली नाही.

कशाला तोडायची? तिच्या मनात तेव्हा अगदी स्पष्ट आलं होतं... गेलेल्या माणसाच्या चौकटीत आता काय बदलणार?

पानं लागली. वहिनी पाणी प्यायला उठली. परत येऊन बघते तर...

पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण.

दुसऱ्या चौकटीवरही. तिसऱ्या. सगळ्या मुलांच्या डोक्यावर एकेक पिवळा त्रिकोण.

‘मूळ चौकट बदलली आहे.’

तिला वाटलं, आपलाच धक्का लागला असेल. तिनं मूळ चौकट उघडली. दुहेरी रेघ होती. खालचं छोटं पान होतं.

आत नाना नव्हते.

नुसता करडा लंबगोल. रिकामा.

आणि त्याच वेळी... मागे कोपऱ्यात...

कुईं.

वहिनीनं मागे वळून पाहिलं. नानांच्या टेबलावर कव्हर घातलेलं होतं. नाना गेल्यापासून खुर्ची टेबलाच्या आत सरकवलेली असायची. आता ती बाहेर होती. थोडीशी वळलेली.

खाली शटर तिनंच आतून लावलं होतं.

पंख्याच्या वाऱ्यानं सरकली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणूस एकटा असला की स्वतःला काय काय सांगतो. पुन्हा पानाकडे वळली. आता घरी जायचं होतं. हाताच्या सवयीनं तिनं पहिल्या चौकटीवरचा त्रिकोण दाबला.

अपडेट.

चिमणीचा फोटो गेला. खालचं नाव गेलं. दुहेरी रेघेच्या आत रिकामा करडा लंबगोल राहिला.

“मूर्ख आहे मी,” वहिनी स्वतःशीच म्हणाली. नाळ तोडली नव्हती, प्रत मुळासारखी झाली, दुसरं काय होणार? फोटो परत घालू. तिनं ती फाईल तशीच जतन करून बंद केली आणि फोटोंचा फोल्डर उघडला.

चिमणीचा फोटो त्यात नव्हता.

सगळ्या मुलांचे होते. चिमणीचा नव्हता.

हरकत नाही, मोबाइलमध्ये ढिगानं आहेत. तिनं मोबाइल उचलला. समोरच त्या तिघांचा फोटो असायचा, दादा आणि वहिनीच्या मध्ये चिमणी.

फोटोत दादा होता. वहिनी होती.

मध्ये... मोकळी जागा होती. दोघांचे हात त्या जागेवर तसेच ठेवलेले.

तिनं काकूंना फोन लावला.

“काकू, चिमणीला द्या जरा.”

“कोणाला?”

“चिमणीला. काय करतेय? झोपलीय का?”

“अगं कोण चिमणी? सकाळपासून मी एकटीच आहे घरी. तू बरी आहेस ना?”

काकू चेष्टा करणाऱ्यातल्या नाहीत. त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती आणि तेच फार वाईट होतं.

तिनं दादाला फोन लावला. “अहो, चिमणी कुठेय? काकू असं काय बोलतायत?”

दादा एकदम हळू आवाजात म्हणाला, “डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी आपण ठरवलं होतं ना? हा विषय काढायचा नाही म्हणून. नको ना गं त्रास करून घेऊस.”

वहिनीनं फोन ठेवला.

तिसरा फोन तिनं मला केला. त्याचं शेवटी सांगतो.

ती खाली जमिनीवर बसली होती. चिमणीचं खरं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारावी असं तिला वाटलं. तोंड उघडलं आणि...

नाव येईना.

पोटच्या पोरीचं नाव. जिभेच्या टोकावर आहे असंही नाही. नव्हतंच. ‘चिमणी’ एवढं होतं, तेही आता पाखराच्या नावासारखं वाटायला लागलं होतं. तिनं डोळे मिटून चेहरा आठवला. पुढचा एक दात पडलेला. वरचा की खालचा? केस कापलेले की वेणी?

एक एक गोष्ट निघून चालली होती. आणि ती निघून चाललीय हे तिला कळत होतं.

ती धडपडत उठली. केलेलं मागे फिरवायचं बटण दाबलं, पण फाईल मघाशीच बंद केलेली, आता काही मागे जाणार नव्हतं. तिनं डोकं दोन्ही हातांत धरलं. जे मुळात असेल तेच प्रतीत येणार. मूळ रिकामं, म्हणून प्रत रिकामी. मूळ भरलं पाहिजे. कशानंही भरलं पाहिजे.

चिमणीचा फोटो जगात कुठेच उरला नव्हता.

नानांचा होता.

तिनं तो उचलला आणि मूळ चौकटीत टाकला. तीनदा घसरला, मग बसला. जतन केलं. पान उघडलं. पहिल्या चौकटीवर त्रिकोण आला होता.

मागे पुन्हा कुईं झालं. लांबलचक. कुणी खुर्ची पूर्ण वळवून तिच्याकडे तोंड करावं तसं.

वहिनीनं मागे पाहिलं नाही.

“नाना,” ती म्हणाली, “चुकलं माझं. तुमची होती ती. पण माझी पोर द्या हो मला.”

आणि तिनं अपडेट दाबलं.

रिकाम्या लंबगोलात नाना आले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

पंख्याची घरघर चालू होती. बाकी काही नाही. आणि मग...

टक... टक.

टेबलावर स्टीलची पट्टी.

वहिनीचा फोन वाजला. काकू होत्या. “अगं, कधी येतेस? उठली बघ तुझी लेक. गप्प बसलीय नुसती, दूध देऊ का?”

वहिनी ओक्साबोक्शी रडली. रडता रडताच तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर चिमणीच्या चौकटीची नाळ तोडली. पुन्हा त्रिकोण यायच्या आत. पुन्हा काही व्हायच्या आत. मग बाकीच्या मुलांच्या चौकटींच्या नाळा तोडल्या, त्यांचे फोटो जागच्या जागी होते. फोल्डरमध्ये चिमणीचा फोटो परत आलेला होता, तो पहिल्या चौकटीत घातला, खाली नाव घातलं. नाव आठवत होतं. लायब्ररीतली मूळ चौकट पुसून टाकली. फाईल मालकांना पाठवली आणि जिना कसा उतरली ते तिला आजही सांगता येत नाही.

काकूंच्या घरी चिमणी टेबलाशी बसली होती. वहिनीनं तिला असं कवटाळलं की काकू म्हणाल्या, “अगं, सकाळीच तर सोडून गेलीस.” पडलेला दात वरचा होता. केसांची वेणी होती. सगळं होतं. दुपारच्या त्या फोनबद्दल काकू अवाक्षर बोलल्या नाहीत. वहिनीनं विचारलं तर म्हणाल्या, “मला कुठे केलास फोन? मीच केला ना तुला.”

घरी आल्यावर वहिनीनं चिमणीपुढे दूध आणि बिस्किटं ठेवली.

चिमणीनं बिस्किटं खाल्ली नाहीत. ती टेबलावर मांडली. एका ओळीत. कडेला कड लावून, मध्ये सारखं अंतर सोडून. एक जरा वाकडं होतं, ते बोटानं सरळ केलं. मान मागे घेऊन ओळीकडे बघितलं.

मग तिनं चमचा उचलला...

टक... टक.

वहिनी ओट्याला टेकून उभी होती. चिमणीनं मान खाली ठेवून नुसते डोळे वर केले. चष्म्याच्या वरून बघावं तसं. तिला चष्मा नाही.

“पोरी,” चिमणी म्हणाली, “डबा खाल्लास का?”

वहिनीचा डबा पिशवीत तसाच होता. भरलेला.

चिमणीनं नानांना कधी पाहिलेलं नव्हतं. नाना ‘पोरी’ म्हणायचे, हे वहिनीनं घरी कधी बोलून दाखवलं असेल, असं मी म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाली, “असेल.” पण तिला नक्की माहीत आहे काय झालं ते. घाईत तिनं नाळ तोडली तेव्हा त्या चौकटीत नाना होते. तोडताना आत जो असतो तो आतच राहतो. आधी तोडायचं आणि मग फोटो बदलायचा. एवढं साधं. नानांनी शिकवलेलं.

तिनं नोकरी सोडली. दादाला यातलं काही माहीत नाही. त्याच्या डोक्यात तो फोन नाहीच. लेक हुशार आहे, वह्या नीटनेटक्या ठेवते, बाई कौतुक करतात, म्हणून तो खूश असतो. एरवी चिमणी चार पोरांसारखीच आहे. हट्ट करते, गुडघे फोडून घेते, माझे खिसे तपासते. महिना महिना काही होत नाही. मग एखाद्या दिवशी वहिनी उशिरापर्यंत उपाशी राहते, आणि मागून तो प्रश्न येतो.

मी वहिनीला म्हटलं, “कुणाला तरी दाखवू या का? काहीतरी उपाय असेल.”

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “भावजी, उपाय केला आणि नाना गेले... आणि आत दुसरं कुणीच नसलं तर?”

उपायाचं मी पुन्हा काढलं नाही.

आता माझ्या फोनचं. मी विश्वास का ठेवला, ते.

दादा विसरला, काकू विसरल्या. मी का विसरलो नाही, ठाऊक नाही. मला तो फोन आठवतो. दुपारी मी आडवा पडलो होतो. वहिनी रडत होती, “भावजी, चिमणी आठवते ना तुम्हाला? तुम्ही तिला खांद्यावर घेऊन नाचता,” असं काहीतरी बोलत होती.

मी विचारलं होतं, “कोण चिमणी?”

मी चेष्टा करत नव्हतो. मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या सख्ख्या पुतणीचं नाव मी ऐकलं आणि मला काहीही वाटलं नाही, हे मला लख्ख आठवतं. रात्री दिवा बंद केला की हटकून आठवतं.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. टेबलाशी बसून मोबाइलवर हेच लिहीत होतो. चिमणी आली, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघायला लागली. तिला अजून एवढं भराभर वाचता येत नाही.

“काका,” ती म्हणाली, “कडेला थोडी जागा सोड ना. फार खेटून आलंय.”

आणि टेबलावर बोटानं दोनदा वाजवलं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आली. तिनं फक्त लेकीला हाक मारली, खऱ्या नावानं, पूर्ण नावानं. ती आता रोज अशीच हाक मारते, सकाळी आणि संध्याकाळी. नाव आठवतंय ना ते बघायला, आणि उत्तर येतंय ना ते बघायला.

चिमणी माझ्या खांद्यावर तशीच टेकून होती. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

वहिनी दारात उभी होती.

“ओ,” चिमणी म्हणाली.

पण जरा वेळानं म्हणाली.